खाडीकडची हाक

१

संचिताला म्हातारे फौजी नवीन नव्हते. कुडाळच्या बाजारपेठेत तिचं वाचा-उपचाराचं छोटंसं केंद्र होतं, आणि आठवड्यातून दोनदा ती स्कूटर घेऊन मालवणच्या अंगाला घरोघर जायची. झटका येऊन बोलणं गेलेली माणसं तिकडे वाडीवाडीला होती आणि त्यांत पलटणीतून परतलेले बरेच.

कुणकेश्वरला एक सुभेदार होते, पासष्टच्या लढाईतले. त्यांना बायकोचं नाव आठवत नव्हतं, पण संचिता दारात आली की ते बसल्या जागी पाठ ताठ करायचे. कसालच्या पुढे बाबली म्हणून एक आजोबा होते. लढाईत ट्रक चालवलेला माणूस. त्यांच्या तोंडून फक्त स्वतःचा फौजी नंबर यायचा. चहा हवा का विचारलं की नंबर, दुखतं का विचारलं की नंबर. आवाजाच्या चढउतारावरून अर्थ लावायला संचिता शिकली होती. ते गेले तेव्हा त्यांच्या बायकोने तिला सांगितलं, "जाताना तोच नंबर म्हटल्यानी, पण असो म्हटल्यानी की माका रडूच इला नाय."

अशा माणसांकडून ती एक गोष्ट शिकली होती. जन्मभर जे सगळ्यात जास्त वेळा तोंडातून गेलेलं असतं, ते सगळ्यात आधी परत येतं. कोणाची आरती परत येते, कोणाचे पाढे, कोणाची शिवी.

देवबागचे रोझारियो एकाहत्तरच्या लढाईत पूर्वेकडे होते. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी, त्या पट्टीवर खाडीच्या अंगाला त्यांचं चिऱ्याचं घर. पुढच्या दोन खोल्या सून लिलियन पर्यटकांना द्यायची. नवरा जेरी जहाजावर नोकरीला, त्यामुळे घर तिच्या एकटीवर. पावसाळ्यात म्हाताऱ्याला झटका आला, उजवा हात लुळा पडला, उजवा पाय ओढत चालायला लागले आणि वाचा पूर्ण गेली.

"समाजता सगळा," लिलियन पहिल्याच दिवशी म्हणाली. "बोलाक तेवढा येणा नाय. मॅडम, सगळा बोलाक येवक होया असा माझा म्हणणा नाय. थोडा इला तरी पुरे."

"थोडं म्हणजे काय काय?"

"पूर्वी तिनसांजेक ते मागल्या पडवेत उभे रवान आरडायचे. थम, कौन आता है. पहाऱ्यावरचे आरडतत ना, तसा. रोज. वाडीत सगळ्यांका ठाऊक. बायका म्हणायच्यो, रुझार आरडलो, आता दिवो लावया."

"आणि आता?"

"आता आरडणत नाय," लिलियन म्हणाली, आणि गॅसवरचं दूध वर आलेलं नसतानाही उठून बघायला गेली.

२

पडवीत एक मोठी खिडकी होती, लोखंडी गजांची. बाहेर चार माड, कंबरेएवढा चिऱ्याचा गडगा, आणि गडग्याला लागूनच खाडी. रोझारियोंची आरामखुर्ची त्या खिडकीकडे तोंड करून असायची. ती हलवायचा प्रयत्न केला की ते डाव्या हाताने खुर्चीचा दांडा घट्ट धरायचे, म्हणून संचिताने खुर्ची तिथेच ठेवली. त्यांच्यासमोर बसावं तर तिचा चेहरा उजेडाच्या विरुद्ध यायचा आणि ओठ दिसायचे नाहीत. मग ती त्यांच्या शेजारी, खिडकीकडेच तोंड करून बसायला लागली. खिडकीच्या कट्ट्यावर, गजांना टेकवून, तिने आरसा ठेवला. दोघांची तोंडं आरशात शेजारी शेजारी दिसायची.

"अंकल, माझ्या ओठांकडे बघा. पा. ओठ मिटायचे आणि उघडायचे. पाणी."

मग चित्रांचे पुठ्ठे. पाणी, जेवण, घर, दार, होडी. नेहमी याच क्रमाने, कारण अशा माणसांना क्रमाचा आधार वाटतो. रोझारियो आरशात बघायचे, ओठ हलवायचा प्रयत्न करायचे, पण आवाज फुटायचा नाही. उन्हं कलायला लागली की त्यांचं लक्षच उडायचं. डोळे आरशावरून सरकून गजांतून बाहेर जायचे. मान थोडी वाकडी व्हायची, कान देऊन ऐकणाऱ्याची होते तशी.

एकदा संचितानेही ऐकलं.

कोणीतरी चिखलातून चालत येत होतं. गुडघाभर चिखलात पाय रुततो आणि तो उपसून काढताना जो आवाज होतो, तो. मग थोडा वेळ काही नाही. मग दुसरा पाय. घाईत नसलेल्या माणसाची चाल. तिला काही विशेष वाटलं नाही. सुकती लागली, पाणी ओसरलं की बायका तिसऱ्यांचे शिंपले काढायला खाडीत उतरतात, कुर्ल्या पकडणारे उतरतात. तिने पुठ्ठे गोळा केले, आरसा पिशवीत टाकला आणि सहज बाहेर नजर टाकली.

भरती होती. पाणी गडग्याला लागलं होतं आणि गडग्याच्या दगडांवर हलकेच थपथपत होतं. चिखल कुठे दिसतच नव्हता. पाण्यावर अलीकडच्या माडांची लांब सावली पडली होती आणि त्या सावलीत एक होडीसुद्धा नव्हती.

आवाज चालूच होता. पाय रुतत होता, उपसला जात होता.

स्कूटरवर बसल्यावर तिने स्वतःची समजूत घातली. पाण्यावरून आवाज लांबून येतो. पलीकडच्या काठाला चिखल असेल. एखादी म्हैस असेल. चिपीच्या फाट्यापर्यंत तिला ते पटलंही होतं.

३

दुपारच्या वेळी काहीच होत नाही म्हटल्यावर तिने येण्याची वेळ बदलली. संध्याकाळी म्हातारा अस्वस्थ असतो म्हणजे संध्याकाळी त्याच्या आत काहीतरी जागं असतं, असा तिचा साधा हिशेब होता. देवबागचं घर तिने दिवसातलं शेवटचं ठेवलं.

हिशेब बरोबर निघाला. पहिला आवाज आला तो 'थ'. जीभ दातांमधे धरून, जोर लावून. थ. थ. कपाळावर शिरा तटतटल्या.

"छान, अंकल. थ. थांबा. थाळी. म्हणा."

त्यांना थाळी नको होती. ते खिडकीबाहेर बघत थ काढत होते, आणि बाहेर, गडग्याच्या पलीकडे, चिखलातली पावलं जवळ येत होती. संचिताने या खेपेला मान वळवून नीट पाहिलं. माड, गडगा, पाणी. पाण्यावर कसलाही तरंग नव्हता. पावलांचा आवाज गडग्याच्या अलीकडे आला असावा असं तिला वाटलं, कारण आता त्यात वाळू होती. ओली पावलं वाळूवर पडतात तसा जड, चपटा आवाज.

चर्चची घंटा झाली. आत लिलियनने आल्तारावर मेणबत्ती लावली आणि प्रार्थना पुटपुटायला सुरुवात केली, नेहमीपेक्षा मोठ्याने. आवाज थांबला. रोझारियोंचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

"लिलियनताई, मागे कोणी येतं का संध्याकाळचं?" निघताना तिने विचारलं.

लिलियनने प्रार्थना संपवली, कपाळाला आणि छातीला हात लावून क्रूस केला, मग वळली. "तुका आयकाक इला?"

"पावलं वाजली."

"पैलां गडग्याभायर रवायचो," लिलियन म्हणाली. "आता रोज थोडो थोडो पुढे येता. तेंका आरडाक येणा नाय ना, म्हणान." तिने हे अगदी सरळ सांगितलं. पाण्याची पातळी वाढलीय, असं सांगावं तसं तिने सांगितलं होतं. "तू तेंका तेवढा एक बोलाक शिकव, गो. बाकी जेवण-पाणी मी समजान घेतंय."

४

संचिताने बराच विचार केला. एकटी बाई, नवरा लांब, आजारी सासरा, रात्रंदिवस खाडीचा आवाज. अशा घरात माणूस काहीही ऐकू शकतं. आणि आपण? आपल्यालाही चार दिवस त्याच घरात बसून तेच ऐकू येतं, यात काय नवल. शिवाय तिच्या कामाच्या दृष्टीने गोष्ट सोपी होती. या माणसाने पन्नास वर्षं रोज एक वाक्य उच्चारलं होतं. तेच वाक्य पकडायचं.

पद्धत नेहमीचीच. वाक्याचा पहिला भाग आपण म्हणायचा, शेवट सोडून द्यायचा आणि वाट बघायची. बरेचदा रोग्याची जीभ आपसूक ते वाक्य पुरं करते.

ती त्यांच्या शेजारी बसली. आरसा गजांना टेकलेला होता. ऊन माडांच्या शेंड्यांवर गेलं होतं. पावलं वाळूत होती आणि तिने ती न ऐकायचं ठरवलं होतं.

"अंकल, माझ्याबरोबर म्हणा," ती म्हणाली, आणि आवाज थोडा चढवून, पहारेकऱ्याच्या सुरात म्हणाली, "थम. कौन आता..."

पावलं जागच्या जागी थांबली.

रोझारियोंचा डावा हात उठला आणि तिच्या तोंडावर येऊन बसला. थप्पड नव्हती ती. पूर्ण पंजा तिच्या ओठांवर दाबून धरलेला. हाताला तंबाखूचा आणि औषधाचा वास येत होता. ती मागे सरायला लागली तशी त्यांनी आणखी जोर केला. त्यांचे डोळे तिच्याकडे नव्हते, खिडकीकडे होते. आणि मग त्यांच्या घशातून, कित्येक दिवस बंद असलेल्या दाराची कडी निघावी तसे शब्द निघाले.

"है?" ते म्हणाले. "आता है? कौन आता है?"

हात गळून पडला. ते रडायला लागले.

झटक्यानंतर माणसं उगाच हसतात, उगाच रडतात, हे संचिताला शिकवलेलं होतं. तिने त्यांची पाठ थोपटली. ओठ दुखत होते, पण मनातून ती खूष होती. इतक्या लवकर पूर्ण वाक्य बोलणारा रोगी तिला अजून भेटला नव्हता. बाहेर अगदी शांत होतं. ती शांतता कोणीतरी धरून ठेवलेली होती. कोणी श्वास रोखून उभं असलं की खोलीत जशी असते तशी.

५

त्यानंतर शब्द भराभर आले. पाणी. जेवण. घर. एकेक शब्दाला घाम गाळावा लागायचा, पण यायचा. फक्त तिनसांजेची हाक त्यांना एकट्याने जमत नव्हती. सुरुवात संचिताला करून द्यावी लागायची. ती आली नाही त्या दिवशी काय होतं, हे तिने एकदाच विचारलं. लिलियनने पडवीचं दार दाखवलं. दाराला नवीन अडसर बसवला होता.

"माझ्या सासूक मी एकदा इचारलंय," लिलियन भाजी चिरता चिरता म्हणाली. "लग्न करून इलंय तेव्हा माका हसू येय. म्हातारो खाडयेक कशाक आरडता म्हणान. सासू म्हणाली, कोण आसा ता माका ठाऊक नाय. तेंणीसुद्धा कधी सांगल्यानी नाय. पण पलटणीत कायदो आसा. कोण आसा म्हणान इचारूचा. जेणी जवाब दिलो, तेका येवक देवचा. जवाब नाय दिलो तर थंयच उभो करून ठेवचो. ह्यो कधी जवाब देणा नाय. तोंडच नाय तेका बोलाक, असा सासू म्हणायची. म्हणान भायर आसा."

"तुम्ही स्वतः का नाही आरडत?"

"माका कोण जवाब देवक लागलो तर?" लिलियन म्हणाली, आणि विळी बाजूला सारून ठेवली.

त्याच संध्याकाळी रोझारियोंनी पहिल्यांदा स्वतःहून दोन शब्द जोडले. संचिता 'होडी' घेत होती. ओठांचा चंबू करून, हो, हो. त्यांनी पुठ्ठा बाजूला लोटला, डावा हात वर करून बोट दाखवलं.

"खिडकी," ते म्हणाले. "बंद."

संचिताला आनंद झाला. "वा, अंकल. खिडकी बंद. परत म्हणा. खिडकी बंद."

"खिडकी बंद. खिडकी बंद. खिडकी..."

"अगदी बरोबर. खिडकी बंद."

ती खिडकी बंद करावी असं तिच्या मनात आलंच नाही. उकडत होतं. ती वाक्य घोटून घेत राहिली आणि ते म्हणत राहिले, आणि त्यांचा आवाज रडवेला होत गेला. मग ती थांबली, ते थांबले, आणि त्यानंतर, जरासं मागाहून, कुठूनतरी आलं,

"...न्द."

घराच्या भिंतींना आवाज आपटून येतो कधी कधी, असं तिच्या मनात आलं. पण प्रतिध्वनी अडखळत नाही. हा अडखळला होता. आधी ओठ मिटून चाचपडला होता आणि मग निघाला होता.

६

पुढच्या खेपेला ती जायलाच नको म्हणत होती. पण रोझारियो तिच्या आजवरच्या कामातलं सगळ्यात मोठं यश होते. आणि लिलियनने फोन केला होता, बांगडे आणलेत, जेवून जा. साध्या जेवणाच्या आमंत्रणात भीती मावत नाही. ती गेली.

आभाळ तांबूस होतं. पुढच्या खोलीत पुण्याचे पर्यटक मोबाईलवर गाणी लावून बसले होते आणि समुद्राच्या बाजूने बोटींची घरघर येत होती. मागे पडवीत नेहमीसारखी खुर्ची, नेहमीसारखा आरसा.

"दो," ती म्हणाली. 'दोरी'चा पुठ्ठा हातात होता. नवीन शब्द होता. "ओठ गोल करा, अंकल. गोल. असे. दो."

आरशात तिचे ओठ गोल झाले. शेजारी रोझारियोंचे ओठ उजव्या कोपऱ्यात लोंबत, कसेबसे गोल झाले. आणि तिसरं एक तोंड गोल झालं.

तिला वाटलं, आरशाची कड. आरशाला कड असली की कधी कधी दुसरं प्रतिबिंब दिसतं. तिने ओठ मिटले. आरशातले तिचे ओठ मिटले. ते तिसरं तोंड मात्र अजून गोलच होतं, कारण ते आरशात नव्हतंच. आरशाच्या कडेला, दोन गजांच्या मधल्या फटीत होतं. ओला, राखाडी चिखल. त्यात एक भोक, तिने शिकवलं होतं तितकंच गोल. त्याच्या वर काय होतं ते तिने पाहिलं नाही. भोकाच्या कडा थरथरत होत्या, नवीन आकार धरून ठेवताना रोग्यांच्या ओठांच्या थरथरतात तशा. मग त्या हळूहळू जवळ आल्या आणि परत उघडल्या. सराव चालला होता.

संचिताने आरसा उचलला नाही. पुठ्ठे उचलले नाहीत. रोझारियोंकडे तिने एकदाच पाहिलं. ते तिच्याकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर दोष देण्यासारखं काही नव्हतं. वर्गातल्या मास्तराकडे हुशार मुलगा बघतो तसे ते बघत होते, मास्तरांचं चुकलंय हे कळलेला.

"शिकलो," ते म्हणाले. "तो."

पर्यटकांच्या खोलीतलं गाणं बदललं. ती घरातून निघाली तेव्हा लिलियन तव्यावर बांगडे परतत होती.

७

ती तिकडे गेली नाही. फोन आला की कामात आहे म्हणून सांगायची. कुडाळच्या केंद्रात लहान मुलांना शिकवताना ती खिडक्या लावून घ्यायला लागली आणि मुलांचे आईवडील पंखा मोठा करा म्हणून सांगायला लागले. मग एके दुपारी लिलियनचा आवाज फोनवर वेगळाच होता.

"पप्पा आपल्याआपण आरडाक लागले. अख्खा. पैल्यासारखा. आता तू नाय इलंस तरी चलात. पण तेंका तुका बघूचा आसा. तुझा नाव घेतत. सं-चि-ता, असा."

स्वतःचं नाव रोग्याच्या तोंडून ऐकायला कोणता उपचार करणारा जाणार नाही?

रोझारियोंनी दाढी केली होती, किंवा लिलियनने करून दिली होती. खुर्चीत ते ताठ बसले होते. तिला बघून त्यांनी डाव्या हाताने सलाम केला. "सं-चि-ता," ते म्हणाले, आणि हसले. उजवीकडचा ओठ हसला नाही. थोडा वेळ सगळं इतकं चांगलं होतं की तिला आपल्या पळून जाण्याची लाज वाटली.

मग पावलं आली. वाळूतून, माडांखालून, भिंतीपर्यंत. रोझारियो डाव्या हाताचा रेटा देऊन उठले, एक पाय ओढत खिडकीपाशी गेले आणि न अडखळता, तरण्या आवाजात म्हणाले,

"थम. कौन आता है?"

बाहेर काहीच हललं नाही. लिलियन दारात उभी होती. तिचा खांदा सैल पडलेला संचिताने पाहिला. बाईला वाटलं, झालं, आजचं झालं.

"दो," बाहेरून आलं.

लिलियन दारातून एक पाऊल आत आली.

"दो. दोस्."

शेवटचं अक्षर यायला वेळ लागला. जीभ वरच्या दातांमागे नेऊन, टेकवून, मग सोडायची, असं संचिता सांगायची. बाहेरच्याने ती नेली, टेकवली, आणि सोडली.

"दोस्त."

संचिताने रोझारियोंकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर भीती असेल असं तिला वाटलं होतं. तिथे थकवा होता, खूप जुना, आणि त्यावर हळूहळू पसरत जाणारं काहीतरी, ज्याला सुटका म्हणायला तिचं मन धजेना. जवाब मिळाला होता. कायदा कायदा होता.

"आगे बढ़," रोझारियो म्हणाले, आणि स्वतःच्या हाताने पडवीच्या दाराचा अडसर काढला.

लिलियनने संचिताचा दंड धरला आणि तिला ओढत मधल्या खोलीत आणलं, दार लावलं, कडी घातली. दोघी आल्तारापाशी एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. पलीकडे पडवीचं दार करकरलं. ओली पावलं फरशीवर आली. खुर्चीचं लाकूड वाजलं. मग दोन आवाज ऐकू यायला लागले, हलके, दोन्ही अडखळणारे, एक अक्षर इकडून, एक तिकडून. खूप दिवसांनी भेटलेली माणसं विचारपूस करतात तशी. शब्द कळत नव्हते. मधे एकदा कोणीतरी हसलं, असं संचिताला वाटलं. मग पावलं दाराकडे गेली. एक पाय पडत होता आणि एक ओढला जात होता.

चर्चची घंटा झाली आणि संपली. पर्यटकांपैकी कोणीतरी पुढून हाक मारून विचारलं, चहा मिळेल का.

८

कडी लिलियनने काढली.

फरशीवर चिखलाची पावलं होती. आत आलेली, आणि गेलेलीसुद्धा. खुर्ची खिडकीकडे तोंड करून होती आणि खुर्चीत कोणी बसलं होतं. रोझारियोंचा पांढरा शर्ट पाठीमागून दिसत होता. मान ओली होती.

"पप्पा?" लिलियन म्हणाली.

"पाणी," खुर्चीतून आलं. मग, थोड्या वेळाने, "जेवण." मग, "घर."

लिलियन थबकली. संचिताने तिच्याकडे बघून मान हलवली, नाही, नाही, असं. लिलियनने ते पाहिलं. क्षणभर तिचा चेहरा उघडा पडला, आणि मग तिने तो आवरला, पसरलेलं घर पाहुणे आले की आवरतात तसा. ती आत गेली, तांब्याभांडं घेऊन आली आणि खुर्चीच्या पुढ्यात गेली. भांडं घ्यायला उजवा हात पुढे आला.

"बरे आसत," लिलियन म्हणाली. आवाज स्थिर होता. "बघ, पाणी मागतत."

नाताळच्या सुमारास संचिताला देवबागमधलाच दुसरा रोगी मिळाला. त्या घरून परतताना तिने स्कूटर लिलियनच्या दारात थांबवली. पुढे पर्यटक म्हाताऱ्याबरोबर फोटो काढत होते. लढाईतला माणूस म्हणून त्यांना कौतुक होतं. म्हातारा कोणी बोललं की त्याच्या ओठांकडे बघायचा. संचिताला पाहून त्याने ओठ गोल केले. ती तशीच वळसा घालून मागे गेली.

लिलियन पडवीत कपडे गोळा करत होती. अंगाने ती निम्मी झाली होती. "जेरीबरोबर बोलतत व्हिडिओवर," तिने न विचारताच सांगितलं. "जेरी म्हणता, पप्पा आता बरे झाले. सगळा खातत. रात्री झोपतत." कपड्यांची घडी घालता घालता ती थांबली. "आता कोण येणा नाय, असा समाजलंय."

खाडी सुकलेली होती. काळा चिखल लांबपर्यंत उघडा पडला होता आणि त्यावर संध्याकाळचा उजेड चमकत होता. त्या चिखलातून कोणी चालत येत होतं. एक पाय रुतायचा, उपसला जायचा. दुसरा उपसला जात नव्हता, नुसता ओढला जात होता, चिखलात लांब चर पाडत. ती चाल संचिताने दोन महिने त्या घरात पाहिली होती. गडग्यापाशी येऊन ती थांबली. कोणी थांबवलं नव्हतं. विचारलं जाण्याची वाट बघत ती आपली आपण थांबली.

वाक्य संचिताच्या तोंडात तयार होतं. जीभ दातांमधे गेलीसुद्धा होती.

"इचारू नको, संचिता," लिलियन म्हणाली. "इचारलंस तर ते जवाब देतले. तूच शिकयलंस तेंका. आणि जवाब दिल्यार घरात भुतूर घेवचा लागतला. मगे घरात बसलेल्या ह्येका मी खंय धाडू?"

पुढून पर्यटक हसल्याचा आवाज आला. गडग्यापलीकडे कोणीतरी ओठ मिटून चाचपडत होतं, अक्षर शोधत होतं. न विचारता बोलायची परवानगी नसलेल्या माणसासारखं.

संचिताने ओठ मिटले आणि पिशवीत स्कूटरची किल्ली शोधायला लागली. मागे लिलियनने खिडकीची झडप ओढून घेतली.